नव्वद हजार लिटर पाण्याचा दर

"नऊ हजार? महिन्याला? पाणी साफ करायचे?"

धैर्यशीलनं मोबाईल टेबलावर ठेवला आणि तो हसला. "ताई, आमचा गुंडा सकाळी सहापासनं बागेत राबतोय, त्याला अकरा देतो मी. तुम्ही आठवड्यातनं तीनदा येणार, दोन-अडीच तास जाळी फिरवणार आणि नऊ हजार नेणार. हिशोब बसतो का हा?"

प्रियदर्शनी त्याच्यासमोर उभी होती. बसा असं कुणी म्हणालं नव्हतं. नुकताच तिनं तलाव धुतला होता. सलवार गुडघ्यापर्यंत ओली होती. धैर्यशीलचं हे कृषी पर्यटन केंद्र तासगावपासून बावीस किलोमीटरवर. तीस एकर द्राक्षबाग, तिच्या कडेला सहा खोल्या आणि मधोमध चाळीस बाय वीस फुटांचा पोहण्याचा तलाव. तो तलाव दोन वर्षं तिनं सांभाळला होता, याच नऊ हजारांत.

"दादा, दोन वर्षांत एक रुपया वाढवला नाही मी."

"वाढवायचं सोडा. नेटवर बघितलं मी, लोक तीन-तीन हजारांत करतात. मी चार देतो. जमत असलं तर या, नाहीतर गुंडा करंल."

"गुंडामामांना नाही जमणार."

"त्यात काय जमायचंय? हौदच की मोठा."

हौदच की मोठा. गाडीला किक मारताना, पिशवी लावताना, बांधावरच्या रस्त्यानं हादरे खात जाताना हे तीन शब्द तिच्या कानात खडे वाजावेत तसे वाजत राहिले. पुढं वळणावर तिनं गाडी थांबवली आणि रिकाम्या रस्त्याला उद्देशून मोठ्यानं म्हणाली, "मग उतर की स्वतः त्या हौदात, धू." बाजूच्या बागेत द्राक्षाचे मणी विरळणाऱ्या दोन बायका वळून बघायला लागल्या. तिनं पुन्हा किक मारली.

प्रियदर्शनी जन्मली माण तालुक्यात, दहिवडीजवळच्या एका वाडीत. तिथं आंघोळीचं पाणी परसातल्या वांग्याला जायचं. पण तिचे वडील राजाराम पाचगणीच्या एका निवासी शाळेत पोहण्याच्या तलावावर कामाला होते. तीस वर्षं. सुट्टीत ती त्यांच्याकडे जायची तेव्हा तिला वाटायचं, आपले वडील फार मोठ्या शेतकऱ्याहून मोठे, कारण एवढं पाणी त्यांच्या ताब्यात. राजाराम सातवी शिकलेले. पण सकाळी काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचे, ती नळी उजेडाकडे धरायचे आणि रंग बघून सांगायचे, आज पोरं उतरतील की नाही. एकदा मुख्याध्यापक स्वतः आले, म्हणाले, राजाराम, पाहुणे आलेत, आजच्या दिवस चालवून घे. राजाराम म्हणाले, "सायेब, पाण्याला पाव्हणं कळत न्हाईत." आणि त्यांनी फाटकाचं कुलूप काढलं नाही. मुख्याध्यापक परत गेले.

त्यांच्यामुळंच तिनं बारावीनंतर रसायनशास्त्र घेतलं. दोन वर्षं शिकली, तिसऱ्या वर्षाआधी लग्न झालं. नवरा राजरत्न तासगावात शीतगृहावर मशीन चालवतो. भला माणूस. सात वर्षांपूर्वी बेदाण्याला भाव आला आणि इकडच्या बागायतदारांनी शेतघरांना तलाव बांधायला सुरुवात केली तेव्हा तोच म्हणाला होता, "तुला पाणी घाण झालेलं खपत न्हाई, हे लोक तलाव बांधून घाण करणार. जा, विचार." तिनं विचारलं. एकाचे दोन झाले, दोनाचे पाच.

पाच तलाव. प्रत्येकाचे आठवड्यातून तीन दिवस. भिंतींना हात लावला तर बुळबुळ लागायला नको म्हणून ब्रश. तळाचा गाळ ओढायला पाईप. वाळूचा फिल्टर उलट्या पाण्यानं धुणं. नळीत थेंब टाकून क्लोरीन आणि आम्लता बघणं, मग तेवढंच औषध बादलीत विरघळवून सगळीकडे सारखं सोडणं, तेही माणूस पाण्यात नसताना. औषधाचा खर्च मालकाचा. ब्रश, नळ्या, थेंब, हातमोजे, पेट्रोल तिचं. महिन्याच्या तेरा खेपा धरल्या तर एका खेपेला सातशेसुद्धा पडत नव्हते, आणि त्यातले शंभर रस्ताच खायचा. तासगावात नळ दुरुस्तीला येणारा माणूस पाने हातात घेण्याआधी पाचशे मागतो. त्याच्याशी कुणी घासाघीस करत नाही. एसीवाल्याशी करत नाही. तिच्याशी करतात. तिनं हे पुष्कळ वेळा बघितलं होतं: आधी ताई, चहा घ्या, मग आडनाव विचारायचं, आणि आडनाव कळलं की कामाला एकदम 'साफसफाई' म्हणायला लागायचं. तोवर तेच काम 'तलावाची देखभाल' असायचं. वाईट शब्द कुणी काढत नाही. फक्त दर उतरतो.

त्या दिवशी संध्याकाळच्या आतच मणेराजुरीच्या एका मालकाचा फोन आला. "ताई, धैर्यशील म्हणत होता, चार हजारांत ठरलं म्हणून. मग आम्हालाच का नऊ?"

"ठरलं नाही. मी सोडलं ते काम."

"आसं व्हय. पण बघा की काहीतरी. पाच करा."

दुसऱ्या दिवशी मणेराजुरीच्याच आणखी एकाचा. तिला कळून चुकलं, प्रश्न एका तलावाचा नाही. एका ठिकाणी चार हजाराला मान हलवली की पाचही ठिकाणी चारच होणार, आणि चार हजारांत जे होतं ते काम नव्हे. चार हजारांत जाळीच फिरवता येते. पानं निघतात, फोटो चांगला येतो. पाण्यात काय आहे ते तसंच राहतं.

"घे की पाच," राजरत्न जेवताना म्हणाला. "पाच पंचे पंचवीस तरी येतील. नाहीतर तीन तलाव गेलेच."

"आणि थेंब टाकायचं सोडून देऊ? क्लोरीन अंदाजानं मारू?"

"त्यांना कुठं कळतंय?"

"त्यांना नाही कळत. त्यांच्या तलावात पोरं उतरतात, त्यांच्या पोटाला कळतं." ताट ढकलून ती उठली. मग दारातून परत वळली. "आणि तू मला हे सांगू नकोस. तुझ्या शीतगृहात अंदाजानं तापमान ठेव बरं एक दिवस."

राजरत्ननं तिचं ताट झाकून ठेवलं. पण नऊच्या खाली ती आली नाही, मणेराजुरीचे दोघंही सुटले, आणि महिनाभर दोन तलावांवर घर चाललं. मुलीच्या शिकवणीचे पैसे पुढच्या महिन्यावर गेले. ते लिहायलाही वाईट वाटतं, तिला तर जगायचं होतं.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी धैर्यशीलचा फोन आला. आवाज मऊ.

"ताई, जरा येऊन जाता का? पाणी थोडं बिघडलंय. उद्या दहाला सांगलीच्या शाळेची सहल आहे. तिसरीची साठ मुलं. द्राक्षं खायला, पोहायला."

"कसं बिघडलंय?"

"तुम्ही बघा तर. खेपेचे हजार देतो."

ती जाणार नव्हती. तिसरीची, हे ऐकलं म्हणून गेली. तिची संघमित्रा तिसरीत होती.

तलावाच्या काठावर गुंडामामा खाली मान घालून उभे होते. साठीचे, काटक. प्रियदर्शनीनं पाणी बघितलं. पाणी निळं होतं. पण आकाशासारखं नाही, भिंतीला लावायच्या रंगासारखं; दाट, दुधाळ निळं. पाण्यात उतरायची पहिली पायरी दिसत होती, दुसरी नाही.

"मामा, काय टाकलं?"

"मोरचूद," गुंडामामा म्हणाले. "पंधरा दिसामागं भिंतीला हिरवं धरलं. मालक म्हनलं, शेवाळ म्हंजी बुरशीच की, गुदामात मोरचुदाची पोती हायत, टाक पाच किलो. म्या टाकलं. निळंशार दिसाय लागलं, पाव्हण्यांनी फोटू काढलं."

"पण हे दुधासारखं कशानं झालं?"

मामांना जरा धीर आला. आपण बरोबर केलं याची त्यांना खात्री होती. "मोरचूद नुस्ता मारत न्हाईत ताईसाब. पानं जळत्यात. चुना लागतोच की. काल दोन घमेली चुना कालवून मारला."

तिला हसावं की त्या काठावर डोकं आपटावं कळेना. द्राक्षाच्या प्रत्येक बागेत पावसाळ्यात बुरशीवर फवारतात ते बोर्डो मिश्रण मोरचूद आणि चुन्याचंच. चाळीस वर्षं गुंडामामांनी टिपाडात तेच कालवलं होतं. आता त्यांनी नव्वद हजार लिटरचं टिपाड कालवलं होतं. मामांचा दोष काय? त्यांना बाग सांभाळायला ठेवलं होतं. त्यांनी तलावाला बागेसारखंच सांभाळलं.

तिनं नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले. रंग आलाच नाही. क्लोरीन शून्य. म्हणजे पंधरा दिवस जे जे पाहुणे उतरले त्यांच्या अंगाचं सगळं त्याच पाण्यात होतं, वर तांबं आणि चुना.

धैर्यशील खोलीतून आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कानाला फोन. फोन खाली घेऊन म्हणाला, "झालं का? टाका काय ते क्लोरीन डबल. सकाळपर्यंत बसंल ना खाली?"

"खाली काय बसेल ते दिसणार कसं? तळच दिसत नाही. चार दिवस लागतील दादा. निम्मं पाणी काढावं लागेल. तोवर कुणी उतरायचं नाही."

"चार दिवस? ताई, साठ पोरं येणार आहेत उद्या! माणशी चारशे घेतलेत मी. शाळेला काय सांगू?"

"खरं सांगा."

"दोन हजार देतो. तीन घ्या." त्यानं खिशात हात घातला. "महिन्याचे नऊ जास्त वाटत होते ना मला? एका दिवसाचे तीन देतोय. टाका आणि मोकळं व्हा. एक तास पोरं खेळतील, कुणी मरत नाही."

एवढा वेळ तिनं राग दाताखाली धरला होता. आता तो सुटला.

"मामा, स्वयंपाकघरातनं तवा आणा."

"तवा?"

"भाकरीचा. मोठा, काळा."

तवा आला. मामांच्या मागोमाग धैर्यशीलची आई विजयमालाकाकीही आली, कारण तवा तिचा होता आणि चुलीवरचा काढून नेला होता. सोबत तिचा सात वर्षांचा नातू मल्हार, अंगात पोहायची चड्डी.

"आगं पोरी, माझा तवा कशाला?"

"काकी, माझे वडील पाचगणीला रोज सकाळी असंच करायचे. काळी ताटली खोल बाजूला टाकायची. काठावरून दिसली तर फाटक उघडायचं, नाही दिसली तर नाही." आणि तिनं तवा खोल बाजूला सोडून दिला.

डुबुक असा आवाज झाला. वर्तुळं उठली, पसरली, संपली. सगळे वाकून बघत राहिले. निळा रंग, बाकी काही नाही.

"कुठं गेला?" काकी म्हणाली.

"तिथंच आहे. पाच फुटांवर. तुमच्या डोळ्यांसमोर." प्रियदर्शनी धैर्यशीलकडे वळली. तिचा आवाज चढला होता आणि तिला तो उतरवायचाही नव्हता. "तवा लोखंडाचा आहे, तो ओरडत नाही. पोरगंही ओरडत नाही दादा, बुडताना तोंडात पाणी असतं. साठ पोरं नाचत असताना एक खाली गेलं तर वरून कुणाला दिसणार? बाईंना? गुंडामामांना? मोजदाद होईल ती बसमध्ये बसताना. तुम्ही म्हणता कुणी मरत नाही. मग ह्याला उतरवा आधी. हा तयारच आहे चड्डी घालून. उतर रे मल्हार."

मल्हार खरंच पुढं झाला. काकीनं त्याच्या दंडाला असं धरलं की पोरगं कळवळलं.

धैर्यशील पाण्याकडे बघत राहिला.

"धैर्या," काकी म्हणाली, "शाळंला फोन लाव. द्राक्षं खाऊ दे, उसाचा रस पिऊ दे, पान्यात पोरं जानार न्हाईत."

"आई, पैसे परत मागतील ते."

"मागू दे की! माझ्या दारात असलं काय झालेलं मला नगं. आन् गुंडा, त्या फाटकाला कुलूप घाल आदी."

कुलूप लागलं. फोन झाला. प्रियदर्शनीनं नळ्या धुऊन पिशवीत ठेवल्या आणि खेपेचे हजार मागितले. धैर्यशीलनं तिच्याकडे असं बघितलं, जणू तिनंच चुना कालवला होता.

"कशाचे हजार? काही केलंच नाही तुम्ही. नुसतं बघितलं आणि धंद्याची वाट लावली."

डॉक्टर नुसतं बघतो. वकील नुसता ऐकतो. मोटार रस्त्यात बंद पडली तर मेकॅनिक बॉनेट उघडून नुसतं बघतो, त्याचेही देतात. हे सगळं तिच्या ओठांवर आलं, पण ती म्हणाली एवढंच, "ठेवा तुमच्याकडं. तवा काढायला माणूस लागेल, त्याला द्या."

पंधरा दिवसांनी तिला कळलं की धैर्यशीलनं पुण्याची कंपनी लावली. महिना अठरा हजार, औषध वेगळं. निळे टीशर्ट घातलेली दोन माणसं गाडीतून आली, छापील कागदावर बिल दिलं, त्याला सर म्हणाली. त्यानं घासाघीस केली नाही. एक रुपयाचीही नाही. हे गुंडामामांनीच तिला बाजारात भेटल्यावर सांगितलं. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. नऊ हजारांना हसणारा माणूस अठरा हजार हसत देतो; म्हणजे त्याच्याकडे पैसे होतेच. कामाला किंमत होतीच. फक्त ती तिच्या हातात द्यायची नव्हती.

आणि मग, मार्च लागता लागता, अनोळखी नंबरवरून फोन.

"मॅडम, राजवर्धन बोलतोय, पुण्याहून. स्विमिंग पूल मेंटेनन्सची कंपनी आहे आमची. तुमचा नंबर मिळाला. आम्हाला तासगाव साईडला एक पूल आलाय, रोज पुण्याहून माणूस पाठवणं परवडत नाही. लोकल कुणी पाहिजे. वीकली तीन व्हिजिट. टीशर्ट आमचा."

"कुठला तलाव?"

त्यानं सांगितलं. धैर्यशीलचाच.

"किती देणार?"

"साडेपाच. फिक्स आहे सगळीकडे."

ती काही क्षण गप्प राहिली. ती गप्प आहे याचा राजवर्धननं वेगळाच अर्थ घेतला. "जास्तीत जास्त सहा करतो मॅडम, तुमच्यासाठी."

"कळवते," ती म्हणाली. फोन ठेवला आणि लगेच दुसरा लावला.

"दादा, प्रियदर्शनी बोलते. तुम्ही ज्यांना अठरा देता ते मला सहाला बोलावतायत. तुमच्याच तलावावर. हात माझेच, ब्रश माझाच. मधले बारा टीशर्टाचे."

पलीकडं मागून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. हंगाम चालू होता, माल भरायचा चालला असणार.

"खोटं," तो म्हणाला.

"नंबर देते, विचारा. तुम्ही द्राक्षाच्या दलालाला कसल्या शिव्या घालता ते मी दोन वर्षं ऐकलंय. बागेत तीसला नेतो आणि मुंबईत शंभरला विकतो म्हणून. तुम्हाला माझ्याबाबतीत तोच दलाल चालतो की."

"तसं नाही ताई…"

"तसंच आहे. तुम्हाला त्याचा राग येतो कारण द्राक्षं तुमची असतात."

 तो घसा खाकरून म्हणाला, "बरं. या सोमवारपासनं. नऊ. पहिल्यासारखे."

"नऊ संपले. बारा. आणि फाटकाची किल्ली माझ्याकडे. मी बंद म्हटलं की बंद, मंत्री आला तरी. आणि मागच्या खेपेचे हजार."

"बारा लय होतात हो."

"मग अठरा द्या."

फोन तिनंच ठेवला.  राजरत्न दाराशी उभा राहून सगळं ऐकत होता. "गेलं ते काम," तो म्हणाला.

"जाऊ दे," ती म्हणाली. पण बसली नाही. संध्याकाळपर्यंत घरातली भांडी दोनदा घासली.

रविवारी गुंडामामा सायकलवरून आले. किल्ली आणि हजार रुपये, दोन्ही एका प्लास्टिकच्या पिशवीत. "थोरल्या मालकिणीनं दिल्यात," ते म्हणाले. "लय तापली व्हती मालकावर. म्हनली, बारा कबूल कर, न्हाईतर तलाव बुजीव."

मार्च संपता संपता मणेराजुरीचेही दोघं परत आले. त्यांना तिनं बाराच सांगितले. एकानं कुरकुर केली. दुसऱ्यानं केली नाही.

राग गेला, असं मात्र नाही. एप्रिलच्या एका सकाळी ती धैर्यशीलच्या तलावात कंबरेएवढ्या पाण्यात उभी राहून भिंत घासत होती. पाणी इतकं स्वच्छ की तिला स्वतःच्या पायाची नखं दिसत होती. काठावर इचलकरंजीचे पाहुणे चहा घेत होते आणि धैर्यशील त्यांना आपलं केंद्र दाखवत होता.

"पाणी मस्त ठेवलंय हो," पाहुणे म्हणाले. "कंपनी आहे का?"

"छे. आपली एक बाई येते. धुऊन जाते. कंपन्या लुटतात, आपली स्वस्तात मिळाली."

प्रियदर्शनीनं ब्रश थांबवला.

"दादा," ती पाण्यातूनच म्हणाली, "पाहुण्यांना आकडा सांगा की."

धैर्यशील हसला. "अहो ताई, आता काय…"

"नाही, सांगा. त्यांचाही तलाव असेल कुठंतरी. त्यांनाही कळू दे, धुऊन जाणारी बाई कितीला पडते."

पाहुणे एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघायला लागले. चहाचा कप धैर्यशीलच्या हातात तसाच राहिला.

"बारा हजार," तो म्हणाला.

"त्यांना ऐकू नाही आलं."

"बारा हजार!" तो ओरडला.

"आणि पाण्याची तपासणी करते म्हणा. धुते ती भिंत," ती म्हणाली, आणि पुन्हा घासायला लागली, जरा जास्तच जोरात.